कितवा आलास?

मागच्या रविवारी सकाळी साडेआठला मावसभावाचा फोन आला. रविवारी इतक्या सकाळी मला फोन येतो तो दोनच कारणांनी. एकतर ऑफिसात सर्व्हर झोपलेला असतो, नाहीतर घरात कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतं. त्यामुळे जरा घाबरतच उचलला.

"दादा, ऑनर्स घेऊ का?"

हा प्रश्न दिल्ली किंवा कोलकात्याच्या मुलाने विचारला असता तर नवल नव्हतं. तिकडे 'फिजिक्स ऑनर्स', 'हिस्टरी ऑनर्स' हे शब्द घराघरात असतात. पण हा पठ्ठ्या सांगलीत इंजिनियरिंगला. दुसरं वर्ष संपलंय, तिसरं सुरू होतंय, आणि कॉलेजने नोटीस लावलीय की नेहमीच्या क्रेडिट्सवर आणखी वीस क्रेडिट्स केली तर पदवीवर 'ऑनर्स' असं छापून मिळेल. फॉर्म सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा. मागून मावशीचा आवाज येत होता, "त्याला विचार, त्याने नोकरी लवकर लागते का!"

फोन माझ्याकडे यायचं कारण म्हणजे मी हा उद्योग केलेला आहे. एआयसीटीईने २०१८ साली जो नमुना अभ्यासक्रम काढला त्यात १६० क्रेडिट्सची पदवी आणि वर २० जास्तीची केली तर ऑनर्स, असं सूत्र होतं. आमचं कॉलेज स्वायत्त. त्यांनी ते लगेच उचललं, आणि मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. घेतलं, आणि पूर्णही केलं. तरी मला त्याला पटकन 'घे' म्हणता येईना, आणि 'नको' पण म्हणता येईना. म्हटलं, संध्याकाळी सांगतो.

इंजिनियरला हो की नाही असं विचारलं की तो आधी डॉक्युमेंटेशन उघडतो. मीही तेच केलं. हे ऑनर्स नावाचं प्रकरण मुळात आलं कुठून, हे वाचता वाचता दुपारचं जेवण चार वाजता झालं. तर मंडळी, आजचा निबंध त्यावर.

सुरुवात केंब्रिजपासून करावी लागते. अठराव्या शतकात तिथे ऑनर्स म्हणजे गणित, दुसरं काही नाही. तुम्हाला पुढे पाद्री व्हायचं असो, वकील व्हायचं असो की पार्लमेंटात जायचं असो, सन्मानाने पदवी हवी तर गणिताच्या परीक्षेला बसा. या परीक्षेचं नाव ट्रायपॉस. हे नाव चक्क एका तिपाईवरून आलंय. जुन्या काळी पदवीच्या वादविवादाच्या वेळी एक जुना पदवीधर तीन पायांच्या स्टुलावर बसून उमेदवारांना उलटसुलट प्रश्न विचारून छळायचा, त्या स्टुलाचं नाव आधी त्या माणसाला पडलं, मग त्याच्या नावाने निघणाऱ्या चोपड्यांना, आणि शेवटी त्या कागदांवर छापल्या जाणाऱ्या निकालाला. परीक्षा तेव्हा तोंडी, लॅटिनमध्ये, हुज्जत घालून होई. म्हणून पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, म्हणजे शब्दशः हुज्जत घालणारा. पुण्याला हा शब्द पुढे इतका का आवडला याचं कोडं मला इथे सुटलं. :)

वर्ग तीन. रँग्लर, मग सीनियर ऑप्टिमे, मग ज्युनियर ऑप्टिमे. आणि १७४८च्या सुमारापासून नुसते वर्ग नाहीत, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने छापलेली यादी. पहिला तो सीनियर रँग्लर. यादीत सगळ्यात तळाशी असलेल्याला मित्रमंडळी पदवीदान समारंभात वरच्या सज्जातून दोरीने लाकडी चमचा सोडून देत. हे चमचे वर्षागणिक मोठे होत गेले, शेवटचा तर वल्ह्याचा बनवलेला होता. आणि जे ऑनर्सला बसतच नसत त्यांची पदवी 'पोल'. ग्रीक भाषेत 'होय पोलॉय' म्हणजे गणंग जनता, त्यावरून. बहुसंख्य मुलं हीच.

या परीक्षेत गारद झालेला एक गृहस्थ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले! भाषा, इतिहास, वादविवाद यात हा माणूस अफाट, पण गणिताशी त्याचं उभं वैर. १८२२च्या ट्रायपॉसच्या यादीत त्याचं नाव आलंच नाही आणि साध्या पदवीवर समाधान मानावं लागलं. दोन वर्षांनी ट्रिनिटी कॉलेजने त्याला फेलो केलं ही गोष्ट वेगळी. आपल्या शिक्षणाबद्दल ज्याने १८३५ साली मिनिट लिहिलं, आणि आयसीएसची भरती स्पर्धापरीक्षेने व्हावी असं ज्याच्या समितीने १८५४ साली सांगितलं, तो स्वतः ऑनर्सला गळालेला होता. एमपीएससीवाल्यांनी ही माहिती जपून ठेवावी.

परीक्षेचा आकार सांगतो. १८५४ साली १६ पेपर, ८ दिवस, एकूण साडेचव्वेचाळीस तास, प्रश्न २११. सगळे प्रश्न सोडवणं कुणालाच शक्य नसायचं, त्यामुळे खरा खेळ वेगाचा. कोणता प्रश्न घ्यायचा, कोणता सोडायचा, पाठ केलेली सिद्धता किती मिनिटांत उतरवायची. जिथे असा खेळ असतो तिथे क्लास येतोच. आपल्याला वाटतं की क्लासेस ही लातूर आणि कोट्याची देणगी. छे! एकोणिसाव्या शतकातलं केंब्रिज क्लासवाल्यांनी भरलेलं होतं. कॉलेजच्या व्याख्यानांना कुणी विचारत नसे, पोरं खाजगी शिकवणीवाल्याला पैसे देऊन त्याच्याकडे घोकत. त्यातला सर्वांत यशस्वी एडवर्ड राउथ. याच्या हाताखालून पंचविसावर सीनियर रँग्लर निघाले. स्वतः हा १८५४चा सीनियर रँग्लर, म्हणजे त्या २११ प्रश्नांच्या वर्षीचा पहिला.

त्या वर्षीचा दुसरा कोण? जेम्स क्लार्क मॅक्सवेल.

इथे मी जरा थांबलो. वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं ज्याच्या नावाने आपण सेकंड इयरला रडत रडत पाठ केली तो दुसरा, आणि त्याला हरवणारा पुढे क्लास घ्यायला लागला. बरं, हा अपवाद म्हणावा तर १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, तोही दुसराच. सांगतात की तो स्वतः निकाल बघायला गेलाच नाही, नोकराला पाठवलं आणि विचारलं, दुसरा कोण आलाय? नोकर म्हणाला, आपणच साहेब. गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे. इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन, १८८०, पुन्हा दुसरा. आता यावरून 'पहिला येणारा पुढे काही करत नाही' असा फॉरवर्ड बनवायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. स्टोक्स, नेपच्यूनचं गणित मांडणारा अॅडम्स, रॅले, हे सगळे पहिले आलेले. तेव्हा नियम असा काही नाही. ती यादी जे मोजत होती त्याचा पुढच्या कामाशी थोडा संबंध होता आणि थोडा नव्हता, इतकंच. आम्ही ऑफिसात ज्याला मेट्रिक म्हणतो तसंच. मोजायला सोपं असतं ते मोजतात, आणि मग सगळे जण मोजमापच वाढवायच्या मागे लागतात.

यादीची कमाल झाली ती १८९० साली. न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजची फिलिपा फॉसेट परीक्षेला बसली. मुलींना परीक्षा देता यायची, निकाल वेगळा वाचून दाखवायचे, पदवी मात्र नाही. मुलींच्या यादीत प्रत्येकीचं स्थान मुलांच्या तुलनेत सांगत, अमुक आणि तमुक यांच्या मधे, असं. फिलिपाच्या नावापुढे वाचलं गेलं, 'सीनियर रँग्लरच्या वर'. सभागृहात एकच गोंधळ झाला म्हणतात. पहिल्यापेक्षा वर, आणि तरी सीनियर रँग्लर नाही! केंब्रिजने मुलींना पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी फिलिपा वारली.

आता आपल्या माणसाकडे येऊ. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ मुर्डी नावाचं गाव आहे. तिथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. नात्यातले एक मोठे भाऊ, अठरा वर्षांनी मोठे, शेजारच्या मुरुडचे. ते गणिताचे पदवीधर होऊन मुंबईत शिकवत होते. त्यांनी या पोराची हुशारी हेरली आणि शिकायला मुंबईला आपल्याकडे ठेवून घेतलं. हे मोठे भाऊ म्हणजे धोंडो केशव कर्वे. आपल्याला ते विधवांच्या आणि बायकांच्या शिक्षणासाठीच आठवतात, पण पोटापाण्याचं काम गणित शिकवणं हेच होतं. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच कॉलेजात त्यांच्या आधी टिळकांनी गणित शिकवलेलं, गोखल्यांनीही शिकवलेलं. गोखल्यांनी तर अंकगणिताचं पुस्तक लिहिलंय. म्हणजे एका नव्या, पैशाची चणचण असलेल्या कॉलेजच्या गणिताच्या फळ्यापुढे टिळक, गोखले आणि कर्वे! याहून भारी फॅकल्टी मला तरी कुठे दिसलेली नाही.

रघुनाथराव या कॉलेजात शिकले, सरकारी शिष्यवृत्ती मिळवली आणि १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. त्या वर्षी इंग्लंडातल्या सामान्य माणसाला ठाऊक असलेला भारतीय म्हणजे रणजितसिंहजी. तोही केंब्रिजचाच, आणि त्याच उन्हाळ्यात मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत त्याने नाबाद १५४ ठोकलेले. बॅट घेऊन आलेल्या राजपुत्राचं कौतुक झालं होतं. तीन वर्षांनी, १८९९च्या जूनमध्ये, कोकणातल्या ब्राह्मणाच्या पोराचं नाव गणिताच्या यादीत सर्वांत वर वाचलं गेलं. पेम्ब्रोक कॉलेजच्या बर्टविसलबरोबर बरोबरीत, त्यामुळे दोघेही सीनियर रँग्लर. रँग्लर झालेला पहिला भारतीय म्हणजे १८७४ साली आनंदमोहन बोस. पण सीनियर रँग्लर पहिले परांजपेच.

विचार करा, साल १८९९. हिंदी माणसाचं डोकं साहेबाच्या डोक्याच्या तोडीचं नसतं हे उघडपणे म्हटलं जात होतं, आणि त्यावर नोकऱ्या दिल्या-नाकारल्या जात होत्या. आणि साहेबानेच दीडशे वर्षं जपलेली, त्याच्याच मते बुद्धीची सर्वांत कडक कसोटी असलेली यादी. तिच्या डोक्यावर मराठी आडनाव. मगाशी मी या यादीला मेट्रिक म्हणून नाकं मुरडली, पण इथे तीच यादी उपयोगी पडली. कारण तिच्यात नंबर होता. 'विद्यार्थी उत्तम आहे' असं मोघम शिफारसपत्र कुणीही खोडून काढतं. पहिला नंबर खोडता येत नाही. ज्याला आधीच मान आहे त्याच्यासाठी क्रमांक म्हणजे चैन असेल. ज्याला तो नाकारला जातो त्याच्यासाठी क्रमांक हा पुरावा असतो. (फिलिपाचंही तेच ना!)

मराठी लोकांनी या पुराव्याचं काय केलं? तो थेट माणसाच्या नावाला चिकटवला. रँग्लर परांजपे! रघुनाथराव नाही, डॉक्टर नाही, पुढे सर झाले तरी सर नाही. ते १९२१ साली मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, लखनौचे कुलगुरू झाले, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऐंशीच्या पुढे आत्मचरित्र लिहिलं '८४ नॉट आउट' नावाने, देवधर्म न मानणारे म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. १९६६ साली गेले. पण ओळख काय, तर वयाच्या तेविसाव्या वर्षी दिलेली एक परीक्षा. मला त्यांच्या बाबतीत नेहमी वाटतं की त्यांना स्वतःला कधीतरी याचा कंटाळा आला असेल का? साठी उलटलेल्या माणसाला कुणी अजून बारावीचे मार्क विचारावेत तसं.

आणि बरं, त्या परीक्षेनंतर त्यांनी जे केलं ते यादीत कुठे मोजलं जात नव्हतं. १९०१ साली सेंट जॉन्सने त्यांना फेलो केलं. तिथे राहता आलं असतं. ते १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून पुण्याला परत आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याची अट काय होती, तर वीस वर्षं काम आणि महिना ७५ रुपये. गोखल्यांनी त्याच अटीवर हयात घालवलेली. नवं गणित असं परांजप्यांच्या नावावर फारसं नाही. ज्याच्याबरोबर ते बरोबरीत आले त्या बर्टविसलने पुढे १९२८ साली नव्या क्वांटम मेकॅनिक्सवर पुस्तक लिहिलं. परांजप्यांनी कॉलेज उभं केलं. यातलं मोठं काय, हा प्रश्न मला विचारू नका, मला तो सोडवता आला नाही.

त्यांच्या आधीच्या वर्षी, १८९८ साली, चौथा आलेला एक रँग्लर होता, जी. एच. हार्डी. याला ही परीक्षा मनापासून नावडायची. क्लासवाल्याच्या युक्त्या शिकून कंटाळला, एकदा तर गणित सोडून इतिहास घ्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. मग लव्ह नावाच्या प्राध्यापकाने त्याला जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाचं पुस्तक वाचायला सांगितलं आणि गणित म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. केंब्रिजमधे राहून, ऑनर्स करत असताना, गणित कळलं ते अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकातून! पुढे यादी बंद करण्याच्या चळवळीत हा आघाडीवर. १९०९ साली शेवटची क्रमवार यादी वाचली गेली. शेवटचा लाकडी चमचा त्याच वर्षी सेंट जॉन्सच्याच एकाला मिळाला. त्यानंतर वर्ग राहिले, वर्गातले नंबर जाहीर करणं थांबलं. पहिला कोण ते कळायचं ते कळतंच, म्हणून तर १९५९ साली जयंत नारळीकर सीनियर रँग्लर झाल्याचं आपण अभिमानाने सांगतो. त्यांचे वडील विष्णुपंतही रँग्लर. पण गल्लीतून फोटो विकले जायचे तो जमाना गेला.

याच हार्डीने १९१४ साली कुंभकोणमच्या कॉलेजात नापास झालेल्या एका कारकुनाला केंब्रिजला बोलावून घेतलं. रामानुजन ट्रायपॉसला बसलाच नाही. १९१६ साली त्याला संशोधनावर पदवी मिळाली, १९१८ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. बसला असता तर कितवा आला असता? मला वाटतं चमच्याच्या आसपास.

आता अटलांटिक ओलांडावा लागणार, कारण 'ऑनर्स प्रोग्रॅम' हा शब्द ज्या अर्थाने आपल्या नोटिशीत आला तो अमेरिकेतून आला. फ्रँक एडलॉट नावाचा इंडियानाचा माणूस ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन १९०५ साली ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याला पास होणारे वेगळे आणि ऑनर्स करणारे वेगळे, असे दोन रस्ते दिसले. तो १९२१ साली फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर या छोट्या कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने तिथे ऑनर्स सुरू केलं. शेवटची दोन वर्षं. निवडक मुलं. नेहमीचे तास नाहीत, हजेरी नाही, मधल्या परीक्षा नाहीत, मार्क नाहीत. चार-पाच पोरं आणि एक-दोन प्राध्यापक एका टेबलाभोवती बसणार, प्रत्येकाने काहीतरी लिहून आणायचं, बाकीच्यांनी फाडून खायचं. आणि दोन वर्षांनी परीक्षा घ्यायला दुसऱ्या विद्यापीठांतली माणसं येणार. लेखी आणि तोंडी. शिकवणाऱ्याच्या हातात एकही मार्क नाही.

हे शेवटचं कलम वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. बाहेरचा परीक्षक आणला की काय होतं बघा. एरवी मास्तर हाच पंच. पोरगं त्याच्याशी सावधपणे वागतं, काय विचारणार याचा अंदाज घेत राहतं, मूर्ख प्रश्न विचारत नाही कारण तो लक्षात ठेवेल. पंच बाहेरचा म्हटला की मास्तर आणि पोरं एका बाजूला. आता मूर्ख प्रश्न लवकरात लवकर विचारण्यातच फायदा, तोंडीच्या दिवशी फजिती नको. एवढ्या एका बदलाने सगळ्या खोलीची हवा बदलते. एडलॉटने नंतर, १९४४ साली, या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. 'ब्रेकिंग द अकॅडेमिक लॉक स्टेप'. सगळ्यांनी एकाच्या पावलावर पाऊल टाकून चालायची जी रांग, ती मोडण्याबद्दल.

गंमत म्हणजे ही खोली मी बघितली आहे. स्वार्थमोरला नाही, आमच्याच कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर.

२०१८ साली मी ऑनर्सचा फॉर्म भरला तो शुद्ध लोभापोटी. रेझ्युमेवर एक शब्द जास्त. आम्ही एकतीस जण होतो. तास शनिवारी, सकाळी नऊ ते दोन. वर्गात बसवलं आणि पहिली दोन सेमिस्टर अक्षरशः नेहमीच्याच पेपरांसारखी गेली. तेच युनिट टेस्ट, तेच असाइनमेंट एकमेकांचं बघून उतरवणं, फक्त शनिवार गेला. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही अकरा उरलो. त्यातल्या दोघांना प्लेसमेंटच्या तयारीला वेळ हवा होता, म्हणून नऊ.

नऊ जणांसाठी वर्ग उघडणं शिपाईकाकांना परवडेना, म्हणून सर आम्हाला आपल्या केबिनमधे बसवायला लागले. चार खुर्च्या, एक बाकडं, दोघं उभे, बाकीचे खिडकीच्या कट्ट्यावर. विषय होता कंपायलर्स. सरांनी सांगितलं की परीक्षेला बाहेरून एक गृहस्थ येणार आहेत, ते मला ओळखत नाहीत आणि तुम्हाला तर अजिबात नाही, तेव्हा आपण सगळे मिळून वाचलो तर वाचलो. आम्ही एक छोटी भाषा बनवली आणि तिचा कंपायलर लिहायला घेतला. एका शनिवारी चूक सापडेना तेव्हा सर स्वतः खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले. चूक संध्याकाळी सहाला सापडली, त्यांच्याच कोडमधे होती. इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नाही.

मग २०२०चा मार्च. कॉलेज बंद, होस्टेल रिकामं, सगळे आपापल्या गावी. तोंडी परीक्षा जुलैत झाली, मी आमच्या घराच्या माळ्यावर बसून लॅपटॉपवर, कारण रेंज तिथेच यायची. बाहेरचे परीक्षक खरोखर अनोळखी होते. मी तयारी करून गेलो होतो पार्सिंगची. त्यांनी माझा कोड उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे असं का केलंय?" मी उत्तर दिलं. ते म्हणाले, "आणि तसं नसतं केलं तर?" पाऊण तास हेच. पुस्तकातलं एक वाक्य माझ्या उपयोगी पडलं नाही. खाली आलो तेव्हा आई म्हणाली, किती मार्क पडतील? मला खरंच सांगता आलं नाही.

पदवीच्या कागदावर ऑनर्स छापायचं कॉलेज विसरलं. त्यासाठी लॉकडाउन उठल्यावर चार चकरा मारल्या, परीक्षा विभागात 'असा कोर्स आहे का आपल्याकडे?' हे ऐकून घेतलं, आणि सात महिन्यांनी नवीन कागद आला. आजवर पाच-सहा इंटरव्ह्यू दिले, एकानेही त्या शब्दाबद्दल विचारलेलं नाही. मात्र "असं का केलंय" आणि "तसं नसतं केलं तर" हे दोन प्रश्न मी दर आठवड्याला कोड रिव्ह्यू करताना कुणा ना कुणाला विचारतो.

आता तर ऑनर्स सगळीकडेच येतंय. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर साध्या बीए-बीएस्सीलाही चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. कागदावर चांगलं आहे. नोटीस काढणं सोपं. केबिनमधे नऊ पोरं घेऊन बसणारा माणूस आणि बाहेरून येणारा परखड परीक्षक, हे दोन घटक मात्र क्रेडिट्समधे मोजत नाहीत.

तर संध्याकाळी भावाला फोन केला. परांजप्यांची गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाला, "दादा, शॉर्टमधे सांग." म्हटलं ठीक आहे, तीनच गोष्टी विचारून ये. शिकवणार कोण? पोरं किती? परीक्षा घेणार कोण?

"हे कुणी विचारतच नाही रे. सगळे विचारतायत सीजीपीएत धरतात का."

"धरतात का?"

"नाही धरत. वेगळं सर्टिफिकेट."

"मग बरंय," मी म्हटलं. "नंबरासाठी येणारे आपोआप गळतील."

मागून मावशी, "नोकरीचं विचारलंस का?" मी मावशीला सांगितलं की फुकट वडापाव मिळण्याची शक्यता आहे. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला त्याचा मेसेज आला. फॉर्म भरला. मी विचारलं, शिकवणार कोण ते कळलं का? उत्तर आलं, "ऑफिसात विचारलं. म्हणाले अजून ठरलेलं नाही."